खालची भिंत त्यांची, वरची रंगाऱ्याची

नेरूळहून एका ताईंचं पत्र आलं आहे. सिडकोचे हप्ते फेडून घेतलेलं, रांगेच्या टोकाचं रो हाऊस. तळमजला आणि वर एक मजला. घराचं तोंड पश्चिमेला, मागची बाजू पूर्वेला, दक्षिणेची भिंत मोकळी आणि उत्तरेची शेजाऱ्यांच्या घराला जोडलेली. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर चार दिवसांत बाहेरून रंग करून घेतला, दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पोपडे निघाले. यजमान ६२ वर्षांचे, निवृत्त, रक्तदाबाची गोळी चालू. पुण्यात नोकरी करणारा मुलगा १ मेपासून दहा दिवस घरी येतोय आणि बापलेकांनी ठरवलंय की यंदा घर आपणच रंगवायचं. ताई लिहितात, "हे शिडीवर चढणार या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. रंगारी बोलवू या म्हटलं तर म्हणतात, मागच्या वेळी रंगाऱ्यानेच केलं होतं ना? मुलगा त्यांच्याच बाजूने. शेजारच्या वहिनी म्हणतात, उन्हाळ्यात रंग मारू नका, करपतो, दिवाळीला काढा. मी कोणाचं ऐकू?"

ताई, नमस्कार.

मे तोंडावर आलाय, म्हणून निकाल आधी सांगते. काम उन्हाळ्यातच करा. तळमजल्याच्या तिन्ही भिंती बापलेकांना खुशाल रंगवू द्या. वरचा मजला आणि गच्चीचा कठडा मात्र परांची बांधून काम करणाऱ्या रंगाऱ्याकडे द्या. या एका गोष्टीवरून घरात कितीही रुसवेफुगवे झाले तरी मागे हटू नका.

तुमची भीती रास्त आहे. वरच्या मजल्याच्या भिंतीची कड जमिनीपासून वीस फुटांवर जाते. तिथे लांब शिडीवर उभं राहिलेल्या माणसाच्या एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, म्हणजे धरायला हातच उरत नाही. मग "एवढाच तुकडा राहिलाय, त्यासाठी कुठे शिडी हलवा" म्हणून तो बाजूला वाकतो, आणि पडतो तो तेव्हाच. त्याहून वाईट म्हणजे छज्ज्यावर उतरून रंगवणं. छज्जा पाऊस अडवायला असतो, माणूस पेलायला नाही. खाडीजवळच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या छज्ज्यातली सळई आतून गंजलेली असू शकते आणि बाहेरून काही कळत नाही. शिवाय रो हाऊसच्या तोंडाशी बहुधा विजेची सर्व्हिस वायर असते. तिच्याजवळ ॲल्युमिनियमची शिडी उभी करणं म्हणजे जिवाशी खेळ.

तळमजल्याला यातलं काही लागत नाही. रोलरला लांब दांडा लावला की जमिनीवर उभं राहून दहा फुटांची भिंत रंगवता येते. वरची कड आणि खिडकीचे कोपरे ब्रशने करायला चार पायांची मजबूत घोडी पुरे; तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मात्र उभं राहायचं नाही. टेकवायची शिडी घेतलीच, तर दर चार फूट उंचीला एक फूट पाय भिंतीपासून लांब, आणि खाली धरायला दुसरा माणूस हवाच.

यजमानांना "तुमच्याने होणार नाही" असं म्हणू नका. होणार आहे. आयुष्यभर हप्ते भरलेल्या घराला निवृत्तीनंतर स्वतःचा हात लावावासा वाटणं ही किती चांगली गोष्ट आहे, आणि मुलगा त्यासाठी रजा टाकून येतोय हे त्याहून चांगलं. त्यांना सांगा की भिंत तपासायची, रंग निवडायचा, रंगाऱ्याकडून काम नीट करून घ्यायचं, हे सगळं त्यांच्याकडे. मागच्या वेळी फसलं ते नेमकं इथे. रंगारी होता, पण भिंतीकडे बघायला कोणी नव्हतं.

आता वहिनींच्या म्हणण्याबद्दल. आपल्याकडे दिवाळीला घर रंगवायची रीत आहे, आतल्या खोल्यांना ती चालून जाते. बाहेरच्या भिंतीचं तसं नाही. चार महिने पाऊस प्यायलेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, पण प्लास्टरच्या आत ओल असते. त्याच दिवसांत रंगाऱ्यांकडे कामांची रांग लागलेली, सगळ्यांना लक्ष्मीपूजनाच्या आत उरकून हवं. अशा भिंतीवर रंग चढवणं म्हणजे ओले कपडे घडी करून कपाटात ठेवणं. आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि रंगाचा थर पुढे ढकलतं. आधी फुगे येतात, मग पोपडे सुटतात. तुमच्या पत्रावरून मागच्या रंगाचं बहुतेक हेच झालं. एप्रिल-मेमध्ये भिंत वर्षातली सगळ्यात कोरडी असते. ती संधी सोडून दिवाळीची वाट बघू नका.

पण "करपतो" हा त्यांचा शब्द खोटा नाही. इमल्शन रंग पाण्यात कालवलेला असतो. तापलेल्या भिंतीवर तो लावला की थर नीट जुळून येण्याआधीच पाणी उडून जातं. ब्रशच्या रेघा तशाच राहतात, जोड दिसतात, आणि असा रंग पुढे भिंतीला घट्ट धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात भिंतीवर थेट ऊन असताना रंग लावायचा नाही, सावली जिथे जाईल तिथे आपण जायचं. भिंतीवर तळहात टेकवून बघा, चटका बसला तर ती भिंत आत्ता नाही.

तुमच्या घराची दिशा यासाठी फार सोयीची आहे. पश्चिमेचं तोंड सकाळभर सावलीत असतं, तेव्हा सकाळी ते. पूर्वेची मागची भिंत दुपारनंतर सावलीत जाते, पण सकाळभर तापलेली असते. तिला निवायला वेळ द्या आणि साडेचारनंतर हात घाला. आणि दक्षिणेची भिंत, जिला सगळे उन्हाची भिंत समजतात, ती मे महिन्यात सगळ्यात सोपी. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या सुमारास तो उगवतो पूर्वेच्या उत्तरेला आणि मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यातही दुपारच्या सुमारास तिरपं, ओझरतं ऊन तेवढं येतं. तेव्हा पश्चिम सकाळी, पूर्व संध्याकाळी, आणि दक्षिण सकाळ-संध्याकाळ जमेल तशी. संध्याकाळी साडेसहाला हात थांबवा, म्हणजे रात्रीच्या दमट हवेआधी रंग सुकेल.

तारखेची मात्र हयगय नको. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला होता, आणि त्याच्याही आधी वळवाच्या सरी असतातच. १० मेपर्यंत काम आटोपण्याचा तुमच्या घरच्यांचा बेत अगदी योग्य आहे. तो पुढे ढकलू नका.

मुलगा यायच्या आधी, याच रविवारी, यजमानांना तीन गोष्टी तपासायला सांगा. काळ्या फडक्याने भिंत घासा. पांढरी भुकटी आली तर जुना रंग मेलाय, त्यावर नवीन रंग टिकणार नाही. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तिथला सगळा थर खरवडायचा. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: दीड फूट लांबरुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर भिंतीत ओल आहे. तुमच्या दक्षिण आणि पश्चिम भिंतींवर ही चाचणी दोन-तीन ठिकाणी करा, कारण पावसाचा मारा याच दोन बाजूंनी असतो. खाली जोत्याजवळ, खिडकीच्या खाली आणि बाथरूमच्या बाहेरच्या अंगाला जरूर करा.

एप्रिलमध्येही ओल निघाली तर ते पाणी पावसाचं नाही. बाथरूमचा पाइप झिरपत असेल, कुंड्या भिंतीला टेकवून ठेवल्या असतील, किंवा गच्चीवरच्या टाकीचं पाणी वाहून येत असेल. ते बंद झाल्याशिवाय त्या जागेवर रंग लावू नका. तेवढा तुकडा बिनरंगाचा राहिला तर राहू द्या. लोणा, म्हणजे भिंतीतून फुटून आलेले पांढरे क्षार, दिसत असेल तर तो आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलंत तर ते क्षार विरघळून परत आत जातील.

१ आणि २ मे हे दोन दिवस फक्त खरवडणं आणि धुणं. कंटाळवाणं काम आहे, मुलगा कुरकुर करेल, तरीही. सगळ्या कामातला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि घाईत काम उरकणारा नेमका तोच गाळतो. सुटलेले पोपडे पत्र्याने, म्हणजे रंगारी वापरतात त्या चपट्या पात्याने, काढायचे, कडा पॉलिश पेपरने घासून सपाट करायच्या. जिथे काळं-हिरवं शेवाळ आहे तिथे ब्लीचिंग पावडरचं निवळ पाणी लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, ताठ ब्रशने घासायचं आणि स्वच्छ पाण्याने धुवायचं. हातमोजे आणि चष्मा हवा. ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. धुवायला पाइप सोडून द्यायची गरज नाही; उन्हाळ्यात पाणी जपायचंच आहे, बादली आणि ब्रश पुरतो. वरचा मजलाही रंगाऱ्याने याच दोन दिवसांत धुतला पाहिजे. नाहीतर तुम्ही खाली तयारी करून ठेवाल आणि वरून मळकं पाणी ओघळेल.

मग दोन दिवस भिंतीला सुकू द्या. या काळात भेगा बघा. केसासारख्या बारीक भेगा बाहेरच्या भिंतीसाठी मिळणाऱ्या क्रॅक फिलरने भरता येतात. जरा रुंद भेग असेल तर ती आधी पत्र्याच्या टोकाने उघडून, धूळ झाडून मग भरायची. वरवर लिंपलेली भेग पहिल्या पावसात परत उघडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी रुंद भेग, किंवा खांबाच्या, तुळईच्या कडेने जाणारी आणि गंजाचा तपकिरी ओघळ असलेली भेग मात्र भरून झाकू नका. आत सळई फुगली असण्याची शक्यता आहे, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आपल्या महानगरपालिकांच्या कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी सांगितलेली आहे. घर त्या वयाचं असेल तर रंगाच्या खर्चाआधी ती करून घ्या.

रंगारी एक गोष्ट सुचवेल, "बाहेरून पूर्ण पुट्टी मारू, भिंत काचेसारखी दिसेल." नाही म्हणा. बाहेरच्या भिंतीला काचेसारखं दिसायचं काही कारण नाही. पावसाच्या माऱ्यात पुट्टीचा जाड थर हा सगळ्यात कच्चा दुवा ठरतो. तो सुटला की वरचा महाग रंगही त्याच्याबरोबर खाली येतो. खड्डे-खळगे भरायला सिमेंटवर आधारलेली बाहेरची पुट्टी वापरा, तेवढीच. आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडावं म्हणून एक खाच असते. ती पुट्टीने किंवा रंगाने भरली की पाणी छज्ज्याखालून सरकत भिंतीवर येतं. यजमानांना परांचीखाली उभं राहून हे बघायला सांगा. एवढ्या एका देखरेखीने तुमच्या खिडकीवरची ओल वाचेल.

रंग कोणता? बाहेरच्या भिंतीसाठीचं मधल्या किमतीचं ॲक्रिलिक इमल्शन. काही जण स्वस्त म्हणून सिमेंट पेंट सुचवतील. त्याला भिंत ओली करून घ्यावी लागते आणि नंतरही पाणी मारावं लागतं. शिवाय तुमच्या भिंतीवर आधीचा इमल्शन आहे, त्यावर तो धरणार नाही. सगळ्यात महाग डब्यावरची मोठमोठ्या वर्षांची हमी वाचून हुरळू नका, कारण ती हमी भिंत नीट तयार केली असेल तरच असते. वाचलेले पैसे चांगल्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी लावायच्या थरावर, घाला. तुमच्या भिंतीचे पोपडे निघालेत, तेव्हा बाहेरच्या प्रायमरचा एक हात सगळीकडे, आणि त्यावर रंगाचे दोन हात. पाणी किती मिसळायचं आणि दोन हातांत किती तास सोडायचे ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते पाळा, अंदाजपंचे नको.

तुम्ही दिलेल्या मापांवरून, म्हणजे रुंदी २० फूट आणि खोली ३५ फूट, तिन्ही भिंतींचा एका मजल्याचा भाग दारं-खिडक्या वजा करून ६५० चौरस फुटांच्या आसपास येतो. दोन मजले आणि कठडा मिळून साधारण १,५०० चौरस फूट. एका लिटरमध्ये दोन हात धरून ५० ते ६० चौरस फूट होतात, त्यामुळे २० लिटरचा एक आणि १० लिटरचा एक डबा पुरेल. प्लास्टर फारच खडबडीत असेल तर थोडा जास्त. रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून कालवून घ्या आणि दोन्ही डबे एका मोठ्या पिंपात एकत्र करा. एकाच नंबरच्या दोन डब्यांतही पुसटसा फरक असू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

आधी वरचा मजला पूर्ण होऊ द्या, मग खाली. वरचे शिंतोडे खाली येतातच. दोघांच्या कामाचा जोड कुठे आणायचा, हा प्रश्न स्लॅबच्या पातळीवर असलेली आडवी पट्टी सोडवेल. पट्टीच्या वर रंगारी, खाली बापलेक. एक भिंत घेतली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात संपवायची, मध्येच चहाला थांबायचं नाही, नाहीतर जोडाची रेघ कायमची राहते. पुढे एकाने ब्रशने कडा करायच्या आणि मागून दुसऱ्याने रोलर फिरवायचा, हे दोघांना छान जमेल.

आता यजमानांच्या तब्येतीचं. मेमधलं आपल्याकडचं ऊन तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही. हवेत दमटपणा इतका की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली, ती बसलेली होती, कष्टाचं काम करत नव्हती. हे मी घाबरवायला लिहीत नाही, वेळ पाळायला सांगतेय. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, एवढंच काम. मधल्या वेळात घरात, पंख्याखाली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून काम सुरू करण्याआधी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून विचारा. मीठ-साखरेचं पाणी किती चालेल तेही त्यांनाच विचारा. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला टोपी. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं झालं की त्या दिवसाचं काम बंद. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग फार तापलं तर सावलीत झोपवून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. दोघांपैकी कोणीही एकट्याने काम करायचं नाही.

रंगाऱ्याशी बोलताना साहित्य आणि मजुरी वेगळी लिहून घ्या; किती हात, कोणता प्रायमर, परांची कोणाची, हे कागदावर असू द्या. त्याच्या माणसांना कमरेचा पट्टा आणि दोर आहे का हेही विचारा. जो छज्जा आपल्या माणसासाठी धोक्याचा, तो त्यांच्यासाठीही तितकाच धोक्याचा.

मुलाला गडद करडा रंग हवाय आणि तुम्हाला फिकट बदामी, हे पत्राच्या शेवटी लिहिलंय. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने. गडद रंगाची पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती उष्णता संध्याकाळी तुमच्या पुढच्या खोलीत उतरते. शिवाय गडद भिंतीवर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसतात. मुलाचं मन राखायला खिडक्यांच्या चौकटी आणि स्लॅबची पट्टी गेरूच्या किंवा पिवळ्या मातीच्या छटेत करा. या छटा लोहाच्या ऑक्साइडच्या असतात आणि उन्हात सहसा विटत नाहीत. भडक पिवळे, जांभळे, गुलाबी लवकर उडतात.

खिडक्यांच्या ग्रिल आणि फाटक घासताना एक काळजी घ्या. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका, वॉटर पेपरने ओलं घासा, तोंडाला मास्क लावा, शेजारची लहान मुलं त्या वेळी अंगणात नकोत. निघालेला चिखल कागदावर गोळा करा, झाडांच्या कुंडीत टाकू नका. मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर ऑइल पेंट.

उरलेला रंग छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यावर शेडचा नंबर आणि तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. जुलैत दोन-तीन दिवस लागून पाऊस झाला की दक्षिण आणि पश्चिमेच्या खोल्यांत आतून भिंतीला हात लावून बघा. कुठे गार, ओलसर लागलं तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा. तेव्हा लगेच काही करू नका. नोव्हेंबरअखेर भिंत सुकली की बाहेरून नेमकी तीच जागा उघडून भरता येईल, आणि त्यावर मारायला रंग घरात असेलच.